चपट्या पेन्सिलीचा बाण

शेवटच्या दिवशी तरी आजोबांना सभागृहात न्यायचंच, असं वहिनींनी सकाळी जाहीर केलं, तेव्हा घरात कुणी हरकत घेतली नाही. हरकत घ्यायला घर एकत्र होतंच कुठे? इमारतीतल्या उघड्या मजल्यांवरून गेल्या रविवारी जेवताना जे वाजलं, त्यानंतर थोरला धाकट्याशी बोलत नव्हता. धाकटा थोरल्याला निरोप पाठवायचा तो वहिनींच्या तोंडून, आणि वहिनी वैतागून ते निरोप अर्धेच पोचवायच्या. आजोबा मुळातच कुणाशी फारसं बोलत नसत, त्यामुळे त्यांचं काही बिनसलंय की नाही हे कळायला मार्ग नव्हता. राहता राहिली आत्या. ती सगळ्यांशी बोलत होती, पण चार दिवसांपासून ती ताटावरून अर्ध्यातच उठत होती.

त्याचं कारण सभागृहातल्या मतपेटीत पडलेलं होतं.

मुंगीच्या इमारतीचं मॉडेल त्या सभागृहात आठ दिवस लोकांसाठी मांडलेलं होतं. मुंगी म्हणजे थोरल्याची आणि वहिनींची मुलगी. लहानपणी दिसेल त्यावर चढायची म्हणून पडलेलं नाव. आता ती एकतीस वर्षांची, दारातून वाकून आत येण्याइतकी उंच, मोठ्या कचेरीतली वास्तुरचनाकार झाली होती, तरी घरात मुंगीच राहिली. तिनं काढलेली इमारत चाळीस मजल्यांची होती आणि दर आठवा मजला तिनं उघडा सोडला होता. भिंत नाही, काच नाही. नुसते खांब, बाकडी, पाण्याचा नळ आणि कुंड्यांतली झाडं. पहिल्या उघड्या मजल्यावर तर शहरातल्या कुणीही वर यावं आणि बसावं. जागेच्या मालकाला हे डोळ्यांत खुपत होतं. उघडे मजले बंद करून तिथे कचेऱ्या काढाव्यात, असं त्याचं म्हणणं. शेवटी नगर समितीनं तोडगा काढला, की लोकांना विचारू. आठ दिवस लोकांनी मॉडेल बघावं आणि चिठ्ठीवर मत लिहून पेटीत टाकावं. निम्म्याहून जास्त लोकांनी उघडे मजले नकोत म्हटलं, तर ते बुजवायचे. मुंगीनं घरी सांगून टाकलं होतं, की तसं झालं तर त्या इमारतीवर माझं नाव नको, आणि ती बोलेल ते करणाऱ्यांतली होती.

पेटीशेजारी पाटी होती: रचनाकाराच्या नात्यातल्यांनी मत देऊ नये. आत्यानं ती पाटी दोनदा वाचली होती. दोनदा वाचून पहिल्याच दिवशी आपली चिठ्ठी आत टाकली होती.

तेवढ्यानं बिघडलं नसतं. साडेचारशे चिठ्ठ्यांत एक कुणाला कळणार? पण चौथ्या दिवशी घरी वाण्याची यादी लिहिताना तिचा हात आपोआप कागदाच्या उजव्या कोपऱ्यात गेला, तिथे एक बाण काढला, आणि मग तोच हात कपाळावर गेला.

हे घर तीन पिढ्या सेंटरिंगचं काम करत आलेलं. काँक्रीट ओतायच्या आधी त्याचा लाकडी साचा उभा करावा लागतो आणि काँक्रीट धरलं की तो खोलून काढावा लागतो. ते काम यांचं. लोक इमारत बघतात. साचा कुणाला दिसत नाही, आणि साचा करणारा तर त्याहून दिसत नाही. आजोबांच्या वडिलांच्या हातून म्हणे एकदा फळी उलटी बसली, गच्चीचा उतार आत आला, आणि गच्ची धुतली की पाणी थेट मालकाच्या दिवाणखान्यात. तेव्हापासून फळीच्या वरच्या बाजूला बाण काढायचा शिरस्ता पडला. फळी वर चढवण्याआधी आजोबा ती ओळंब्याच्या दोरीला लावून बघत, मग तिच्यावरून उलटा हात फिरवत, आणि मनासारखी असली तर कानावरची चपटी सुतारी पेन्सिल काढून एका झटक्यात बाण ओढत. त्यांचा बाण निघाला नाही तर फळी वर जात नसे. तोंडानं ते कधी चांगलं-वाईट बोलले नाहीत. बाण ओढला म्हणजे झालं, करा उभी.

बाकीच्यांना ती सवय लागली ती कागदावर. या घरात कुणीही काहीही लिहिलं की कोपऱ्यात बाण आलाच. वाण्याच्या यादीवर बाण, लग्नाच्या पत्रिकेच्या मसुद्यावर बाण. मुंगीला चौथीत बाईंनी विचारलं होतं, की वही उलटी धरण्याइतकी मी तुला अडाणी वाटते का.

आणि आत्यानं चिठ्ठी लिहिली होती ती टेबलावर दोरीनं बांधलेल्या बॉलपेननं नव्हे. अंबाड्यात कायमची खोचलेली चपटी पेन्सिल काढून तिनं चांगलं ठसठशीत लिहिलं होतं.

*

पेटी तीन वाजता उघडायची होती. घरचे अडीचला यायचे होते, आत्या दीडलाच जाऊन बसली. जमलं तर पेटी उघडणाऱ्या अधिकारी बाईंना गाठावं, खरं काय ते सांगावं आणि चिठ्ठी परत मागावी असा तिचा बेत होता. पण बाई अजून आल्या नव्हत्या आणि पेटीला कुलूप होतं.

मग ती लोकांचं ऐकत बसली. खरं तर आठही दिवस ती हेच करत होती. कुणी मुंगीच्या इमारतीला चांगलं म्हटलं की तिला त्या माणसाला घरी नेऊन चहा पाजावासा वाटे.

"मला तर कपाटाचे खण काढून ठेवल्यासारखं वाटतं," एक चष्मेवाले मास्तर मान वाकडी करून म्हणाले. "चांगलं कपाट, पण खण कुठे गेले?"

"अहो, खण काढलेत म्हणून तर आरपार दिसतंय," त्यांच्या शेजारची नर्स म्हणाली. तिच्या अंगावर अजून ड्यूटीचे कपडे होते. "आमचं हॉस्पिटल हिच्या मागच्या अंगाला येणार. मी बघितलं ना नकाशात. आख्खी भिंत उभी राहिली असती तर आमच्या पेशंटना आभाळ दिसलं नसतं. आता निदान पाच ठिकाणी तरी दिसेल."

"पाच मजले वाया."

"तुमचा मधल्या सुट्टीचा तास पण वायाच असतो का, सर?"

मास्तर हसले. त्यांनी पुन्हा एकदा वाकून मॉडेल बघितलं आणि म्हणाले, "दात पडलेल्या माणसासारखी आहे. पण हसताना दिसते, एवढं खरं."

आत्याला ते इतकं आवडलं की तिनं मनातल्या मनात दोनदा म्हणून बघितलं.

पलीकडे एक म्हातारे गृहस्थ रोज येत. ते निवृत्त लिफ्टवाले होते आणि मॉडेलपाशी उभं राहून जो येईल त्याला, कुणी न नेमता, माहिती देत. "चौतीस वर्षं वर-खाली केलं मी," ते आज एका नव्या जोडप्याला सांगत होते. "चौतीस वर्षांत एकाही मजल्यावर मला कुणी बस म्हणालं नाही. इथे बघा. लिफ्टचं दार उघडलं की समोर बाकडं. ज्या कुणी हे काढलंय ना, तिनं माणसं येताना-जाताना बघितलीत. नुसत्या रेघा नाही ओढल्या."

आत्यानं पदर तोंडाला लावला. हसू येत होतं की रडू, तिचं तिलाच कळेना.

कारण त्या उघड्या मजल्यांमागची खरी गोष्ट यातल्या कुणालाच ठाऊक नव्हती. सव्वीस वर्षांपूर्वी एका टोलेजंग इमारतीच्या अकराव्या मजल्यावर थोरला प्लायवूडची मोठी शीट उचलून नेत असताना वारा आला, शीटवर आदळला, आणि शीटसकट थोरल्याला घेऊन गेला. दोन मजले खाली जाळी होती म्हणून जीव वाचला. उजवा पाय मात्र कायमचा अधू झाला. मुंगी तेव्हा पाच वर्षांची होती. बाबांना कुणी ढकललं, असं तिनं विचारलं, तेव्हा आत्याच तिला म्हणाली होती, "वाऱ्यानं ढकललं गं. त्याला जायला वाट नव्हती, म्हणून त्यानं बाबांना ढकललं." लहान पोरीला काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं. आत्या ते विसरूनही गेली. आणि मग दोन वर्षांपूर्वी मुंगीनं पहिलं चित्र दाखवलं, उघड्या मजल्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आत्या, ही त्याला जायला वाट."

*

बरोबर अडीचला घर आलं. पुढे वहिनी, त्यांच्या मागे काठी टेकत थोरला, मध्ये आजोबा आणि सगळ्यांत मागे, आपण यांच्याबरोबर नाहीच असं दाखवत, धाकटा.

धाकट्याला बघून आत्याला जरा धीर आला. त्या रविवारी जेवताना हाच म्हणाला होता, की पोरीनं मालकाशी वाकडं घेऊ नये. पाच मजले बुजवले म्हणून इमारत काही पडत नाही, आणि आयुष्यात एवढी मोठी संधी काय रोज चालून येते? थोरल्यानं ताट सरकवलं होतं. "तुला वारा लागला नाही कधी," एवढंच म्हणून तो उठला होता. म्हणजे निदान धाकट्यानं तरी पेटीत काही टाकलेलं नसणार. घरातलं हे एक डोकं ठिकाणावर आहे, असं म्हणून तिनं त्याला पाण्याच्या यंत्रापाशी ओढलं.

"ऐक. मी एक गाढवपणा केलाय."

"एकच?"

"चिठ्ठी टाकलीये मी. पेटीत."

धाकट्याच्या हातातला पेला तोंडापर्यंत जाऊन थांबला. "ताई, पाटी वाचली नाहीस तू?"

"वाचली रे. आणि वर बाण काढलाय."

"बाण," धाकटा म्हणाला. मग त्यानं पेला खाली ठेवला. त्याचा चेहरा हळूहळू उतरला. "आईशप्पथ. बाण."

"तुला काय झालं?"

"मीपण काढलाय."

आत्या त्याच्याकडे बघतच राहिली. "तू? तू तर म्हणालास बुजवा म्हणून!"

"जेवताना म्हणालो! तेव्हा मॉडेल कुठे बघितलं होतं? दुसऱ्या दिवशी इथे आलो, बघितलं, आणि..." त्यानं मॉडेलकडे हात केला. तिसऱ्या उघड्या मजल्यातून खिडकीचा उजेड आरपार येऊन पलीकडच्या भिंतीवर पडला होता. "तीस वर्षं सेंटरिंग करतोय ताई. ती उंची, ते खांब... असलं काम आपल्या हातून व्हावं म्हणून माणूस मरतो. हे आता भाऊला कोणत्या तोंडानं सांगू?"

"काय लिहिलंस?"

"ते विचारू नकोस. लांबलचक लिहिलंय."

"आणि कशानं लिहिलंस?"

धाकट्यानं शर्टाच्या खिशातून चपटी पेन्सिल अर्धी वर काढली आणि परत आत ढकलली.

मागून कुणीतरी घसा साफ केला. वहिनी पाण्याचा पेला घ्यायला आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं आणि त्या पंख्याकडे बघत होत्या.

"वहिनी," आत्या म्हणाली, "तुम्ही या घरात लग्न होऊन आलात. तुम्हाला तरी ही बाणाची सवय नाही ना?"

"तेहतीस वर्षं झाली ताई," वहिनी म्हणाल्या. "आता माहेरी पत्र पाठवते तेव्हा आईसुद्धा विचारते, हे वर काय काढलंयस."

तिघं तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली. थोरल्याचं तरी बरं, असं तिघांच्याही मनात आलं. तो नियमाला धरून चालणारा. रिकाम्या रस्त्यावरसुद्धा सिग्नलला थांबणारा माणूस.

तोवर आजोबा मॉडेलपाशी पोचले होते. आठ दिवस त्यांनी यायचं नाव काढलं नव्हतं. मुंगीनं तीन आठवड्यांपूर्वी मोठा नकाशा घरच्या सेंटरिंगच्या कारखान्यातल्या टेबलावर त्यांच्यापुढे पसरला होता. आजोबांनी तासभर बघितला. शेवटी कागदावरून उलटा हात फिरवला. मुंगी त्यांच्या कानावरच्या पेन्सिलीकडे बघत उभी राहिली, आणि आजोबा म्हणाले, "कागद चांगला आहे." त्यावर घरात सगळे हसले होते. मुंगीही हसली होती, पण नंतर तिनं नकाशा दोनदा वाकडाच गुंडाळला, हे आत्यानं बघितलं होतं.

आता मुंगी त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. आजोबा मॉडेलभोवती सावकाश एक फेरी मारून आले. खाली वाकून, एक डोळा मिटून त्यांनी खालून वर बघितलं.

"दमला असाल. बसता का, आजोबा?" मुंगीनं विचारलं.

"बसतो," आजोबा म्हणाले आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. मुंगीनं क्षणभर वाट बघितली आणि ती मंचाकडे निघून गेली.

*

अधिकारी बाई आल्या त्या थेट मंचावर गेल्या. आत्या लगबगीनं पुढे झाली, पण तोवर बाईंनी कुलूप काढून पेटी टेबलावर उपडी केली होती. चिठ्ठ्यांचा ढीग पसरला. सभागृह भरलं होतं. मालकाचा माणूस पुढच्याच रांगेत, गुडघ्यावर वही ठेवून बसला होता. तो तसा सभ्य माणूस होता, पण तो आपल्या कामाला आला होता आणि त्याचं काम काय आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

बाई एकेक चिठ्ठी उचलत, मोठ्यानं वाचत आणि तीन ढिगांपैकी एकात टाकत. एक हवेत, एक नकोत, एक इतर.

"उघडे मजले हवेत. माझ्या आईला घराबाहेर पडून बसायला जागा नाही."

"नकोत. कबुतरं येतील."

"हवेत. बासरीसारखी दिसते. वाजेल का?"

लोक हसले. हवेतचा ढीग भराभर वाढत होता. आत्या मान खाली घालून आपल्या चिठ्ठीची वाट बघत होती.

"वाऱ्याला जायला वाट ठेवणं हे आजवर कुणाला सुचलं नाही. जिनं ठेवली तिचं भलं होवो. हवेत." बाई थांबल्या. "याच्यावर हा बाण कसला काढलाय?" मग त्यांनी ती चिठ्ठी ढिगात टाकली.

आत्यानं श्वास सोडला. पण मंचाच्या कडेला उभ्या असलेल्या मुंगीनं मान वर केली होती. तिनं आत्याकडे बघितलं. आत्या पायातल्या चपलेकडे बघायला लागली.

वीस-पंचवीस चिठ्ठ्यांनंतर दुसरा बाण आला. ही चिठ्ठी दोन्ही बाजूंनी भरलेली होती आणि बाईंना ती वाचायला बराच वेळ लागला. खांबांचं वर्णन, उंचीचं वर्णन, आणि शेवटी, "मी आधी याच्या विरुद्ध बोललो होतो. माझी चूक झाली, हे मला तोंडावर सांगता येत नाही म्हणून इथे लिहितो." थोरल्यानं मान वळवून धाकट्याकडे बघितलं. धाकटा छताचे दिवे मोजत होता.

तिसरा बाण वहिनींचा. "मला इमारतीतलं कळत नाही. ही बघितली की गप्प बसवत नाही. हवेत."

मालकाचा माणूस उठला. "एक मिनिट. या तीन चिठ्ठ्या परत दाखवता का? सगळीकडे पेन आहे आणि या तिन्ही पेन्सिलीनं लिहिल्यात. तिन्हींवर सारखा बाण आहे. ही ठरवून केलेली कामं दिसताहेत. अशा किती चिठ्ठ्या आत घातल्यात कुणाला माहीत! माझी मागणी आहे, की आठ दिवसांचं हे सगळंच रद्द करावं."

सभागृहात एकदम गलका झाला. मुंगीचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं तोंड उघडलं, आणि ती काय बोलणार हे आत्याला कळलं. ती म्हणणार, ही माझी माणसं आहेत. मग मालकाच्या माणसाच्या वहीत लिहिलं जाणार, की रचनाकार बाईंनी स्वतः कबूल केलं. पोरीची दोन वर्षं आपल्या एका पेन्सिलीनं पुसली जाणार.

आत्या उभी राहिली. आयुष्यात ती कधी चार माणसांसमोर बोलली नव्हती. कारखान्यात फळ्यांचे आकडे ओरडायची, तेवढंच.

"पहिली माझी," ती म्हणाली, आणि आवाज फळ्यांचे आकडे सांगतानाचाच निघाला. "मी तिची आत्या. पाटी वाचली होती मी. तरी टाकली. तिनं मला सांगितलं नव्हतं, उलट टाकू नका म्हणून बजावलं होतं. मला राहवलं नाही. जी काय शिक्षा असेल ती मला करा, तिच्या इमारतीला करू नका."

"दुसरी माझी," धाकटा उठला. "मी काका. आमचं ठरवून काही नाही हो. ठरवून केलं असतं तर एवढा बावळटपणा झाला असता का?"

लोक हसले. वहिनी नुसत्या उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आई."

"बघा!" मालकाचा माणूस म्हणाला. "आख्खं घर आहे!"

"मग असू दे की," मागून निवृत्त लिफ्टवाले ओरडले. "यांच्या तीन चिठ्ठ्यांनी आमच्या चारशे कशा काय खोट्या होतात? मी माझी चिठ्ठी माझ्या पेननं लिहिलीये. मला यांच्यातलं कुणी ओळखत नाही, आणि मीही कुणाला ओळखत नाही!"

"मीसुद्धा," नर्स म्हणाली.

"मी तर नकोत लिहिलंय," चष्मेवाले मास्तर उठून म्हणाले, "पण ते मोजलं गेलंच पाहिजे. आता वाटतं वेगळं लिहायला हवं होतं, ते सोडा."

अधिकारी बाईंनी टेबलावर हात आपटला. सगळे गप्प झाल्यावर त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं. "नात्यातल्यांनी मत देऊ नये. दिलं, तर ते धरायचं नाही. एवढाच नियम आहे. सगळं रद्द करा असं कुठे लिहिलेलं नाही. ज्यांनी आपणहून सांगितलं त्यांच्या चिठ्ठ्या मी बाजूला काढते. अजून कुणाची बाणवाली असेल तर आत्ताच सांगा. माझा वेळ वाचेल."

काठीचा आवाज झाला. थोरला उठून उभा राहत होता.

"भाऊ!" आत्याच्या तोंडून निघून गेलं. "तू पण?"

थोरला कुणाकडेच बघत नव्हता. बाईंनी ढिगात हात घालून शोधलं आणि बाणाची आणखी एक चिठ्ठी काढली. तिच्यावर एकच ओळ होती. ती त्यांनी वाचली: "पाय धड असता तर हिचं सेंटरिंग मीच केलं असतं."

धाकटा आपल्या जागेवरून निघाला, दोन खुर्च्या ओलांडून थोरल्याशेजारी येऊन उभा राहिला, आणि सहा दिवसांनी पहिल्यांदा सरळ त्याच्याशी बोलला. "भाऊ, बस खाली. मी करीन. तू खाली उभा राहून शिव्या दे."

"त्या देईनच," थोरला म्हणाला आणि बसला.

मंचावर मुंगी डोळे पुसत होती आणि ते कुणाला दिसू नये म्हणून चिठ्ठ्यांचे गठ्ठे सारखे करत होती.

*

वाचन पुढे चाललं. आता आत्याला सगळं ऐकू येत होतं आणि प्रत्येक चिठ्ठी नव्यानं गोड लागत होती. सांडपाण्याचं काम करणाऱ्या कुणीतरी लिहिलं होतं, की इमारतीत घाम पुसायला जागा ठेवलेली मी पहिल्यांदा बघितली. कुणी लिहिलं होतं, की मी या शहरात नवा आहे, आणि ही झाल्यावर घरी फोन करून सांगेन, त्या इमारतीच्या शहरात राहतो.

शेवटची चिठ्ठी बाईंनी उचलली, उलटसुलट करून बघितली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"ही कोरीच आहे. म्हणजे लिहिलेलं काही नाही. नुसता बाण आहे."

"पुन्हा बाण!" मालकाचा माणूस म्हणाला.

"कुणाची आहे ही?"

बाईंनी ती चिठ्ठी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. बाण कोपऱ्यात नव्हता. तो चिठ्ठीच्या बरोबर मधोमध होता. जाड, एका झटक्यात ओढलेला, पेन्सिल न उचलता, आणि डावा पंख उजव्यापेक्षा जरा आखूड. कारखान्यातल्या हजारो फळ्यांवर आत्यानं तो बघितला होता. तो ओढायचा हक्क एकाच माणसाला होता.

तिला मंगळवार आठवला. आजोबा सकाळी न्हाव्याकडे जातो म्हणून निघाले होते, दुपारी परत आले, आणि केस जिथल्या तिथे होते. तेव्हा तिला वाटलं होतं, विसरले असतील, वय झालं.

तिनं हळूच पहिल्या रांगेकडे बघितलं. आजोबा उपरण्यानं चष्मा पुसत होते. तो चष्मा इतका वेळ पुसण्याइतका काही घाण झालेला नव्हता. थोरला त्यांच्याकडे बघत होता, धाकटा बघत होता, वहिनी बघत होत्या.

"कुणी बोलत नाही, म्हणजे बाद," बाई म्हणाल्या. "नाहीतरी यात मत काहीच नाही." आणि त्यांनी ती चिठ्ठी टेबलाच्या कडेला सरकवून दिली.

मग त्यांनी आकडे वाचले. चिठ्ठ्या चारशे सदतीस. नात्यातल्या चार बाजूला, एक बाद. तेरा जणांनी इमारत सोडून भलतंच काहीतरी लिहिलं होतं, त्यातल्या पाचांनी सभागृहातल्या पंख्यांबद्दल. उघडे मजले नकोत, अठ्ठावन्न. हवेत, तीनशे एकसष्ट.

टाळ्यांचा कडकडाट झाला. लिफ्टवाले नर्सला हात मिळवत होते, नर्स मास्तरांना. वहिनींनी आत्याला मिठी मारली आणि दोघींचे चष्मे एकमेकांत अडकले. मालकाच्या माणसानंही वही मिटली, आणि मॉडेलजवळून जाताना तो क्षणभर थांबून तिसऱ्या उघड्या मजल्यातून पलीकडे बघून गेला.

मुंगी मात्र टाळ्या ऐकत नव्हती. ती टेबलापाशी गेली आणि बाईंना म्हणाली, "ती बाद झालेली मी घेऊ का?"

"घ्या की. मला काय करायचीय?"

मुंगीनं ती चिठ्ठी उचलली आणि दोन्ही हातांत घेऊन मंचाच्या पायऱ्या उतरली. ती पहिल्या रांगेत आजोबांसमोर येऊन उभी राहिली. तिचा अंगठा बाणाच्या टोकावर टेकला होता.

आजोबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. तिच्या हाताकडे बघितलं.

"कडेनं धर," ते म्हणाले. "पेन्सिल आहे. पुसली जाईल."